मॅनेजर नावाच्या कुत्र्याची सोय

चितेगावच्या बाटल्यांच्या कारखान्यावर आमच्या सेक्शनची नेमणूक झाली, तो बुधवार होता. हजेरी सकाळी सात वाजता. ट्रक पैठण रोडने निघाला आणि आठला आम्ही पॉइंटवर उतरलो. आम्ही एकूण आठ होमगार्ड, पाच पुरुष आणि तीन बाया. फाटकासमोर धरणं धरून बसलेल्या कामगारांत बायका जास्त होत्या. त्यांना हात लावायची वेळ आली तर तो बाईनंच लावावा, म्हणून आम्हाला घेतलं होतं. बायांची ड्यूटी दिवसाची, आठ ते चार.

होमगार्ड म्हणजे सैन्य नाही. खाकी कपडे, बेल्ट, लाठी, शिट्टी. बंदूक नाही. पण कवायत तीच आणि हुकूमही तेच, हिंदीतले. सावधान. विश्राम. दौड के चल. थम. हुकूम कानावर पडला की पाय आपोआप हलले पाहिजेत, विचार करायचा नाही, हे पहिल्या महिन्यातच अंगात भिनवतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी आईच्या पोटात होते, त्यामुळे ही नेमणूक झाली तेव्हा माझं वय पस्तिशीच्या आसपास असावं. माझा आवाज लहान. परेडमध्ये नंबर म्हणायची वेळ आली की शेजारची माझ्या बरगडीत कोपर मारायची आणि म्हणायची, "कमलबाई, तोंडातल्या तोंडात नको, लीडरला ऐकू जाऊ दे."

आमचे सेक्शन लीडर भानुदास गोरे. सगळे त्यांना दादा म्हणत. फौजेत खेचरांच्या पलटणीत नाईक होते. पेन्शन घेऊन आले आणि होमगार्डमध्ये लागले. घर हर्सूलच्या पुढं, जेलच्या पलीकडच्या वस्तीवर. घरी मेंढरं. ती त्यांची बायको गिरजाबाई सांभाळायची.

पहिल्याच दिवशी दादांनी मला आतल्या राउंडला बरोबर घेतलं. कारखाना बंद होऊन बारा दिवस झाले होते. मालक मुंबईला गेलेला, राखणदारही दोन दिवसांपूर्वी पळालेला. भट्टी थंड होती. मागच्या अंगणात फुटक्या काचेचा ढीग, माणसाच्या उंचीचा. त्या ढिगामागं पत्र्याची शेड, आणि शेडमधून साखळीचा आवाज आला.

कुत्रा उभा राहिला. मी कुत्रा म्हणते, पण उंची वासराची होती. राखाडी रंग, लांब तोंड, डोळे लाल. बरगड्या मोजता येत होत्या. पाण्याचं पातेलं पालथं पडलेलं.

मी सात वर्षांची असताना मला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं झाली. तेव्हापासून गल्लीतलं पिल्लूही आडवं आलं तर मी रस्ता बदलते. त्या शेडसमोर मला रस्ता बदलता आला नाही, कारण पायच हलेनात. लाठी हातात होती, तीही मला आठवली नाही.

दादा पुढं गेले. हात खाली ठेवला, बोटं मिटलेली. कुत्र्यानं हुंगलं, आणि मग वळून आपलं सगळं अंग दादांच्या मांडीला टेकवलं. भिंतीला टेकावं तसं. दादा एक पाऊल मागं सरकले.

"अरे, मला पाडतोस का?" ते म्हणाले. मग माझ्याकडं पाहून, "कमलबाई, पाणी आणा. आणि श्वास घ्या, निळ्या पडल्या तुम्ही."

मी पाणी आणलं. पातेलं दहा हातांवर ठेवलं. पुढं त्यांनी नेलं.

कामगार त्या कुत्र्याला मॅनेजर म्हणत. खरा मॅनेजर रोज सकाळी त्याला साखळीला धरून खात्याखात्यातून फिरवायचा. कोणी काम सोडून बोलताना दिसलं की तिथं उभा राहून साखळी थोडी सैल सोडायचा. कुत्रा कधी कोणाला चावला नाही. तो कोणावर भुंकलेलाही कोणी ऐकला नव्हता. पण ते कामगारांना कुठून कळणार? फाटकावर सगळ्यात पुढं बसायची ती सुगंधाबाई, चितेगावचीच. पॅकिंग खात्यात असताना अशीच एकदा साखळी सैल झाली, ती घाबरून मागं पळाली आणि क्रेटवरून पडली. उजवा हात कोपरात मोडला. तो वाकडाच जुळला. महिन्याभरानं तिला कामावरून काढलं, हात चालत नाही म्हणून. तेवढ्यावरूनच पुढं संप पेटला.

ती मला म्हणाली होती, "मालक घावत नाय. खरा मॅनेजर बी घावत नाय. पर ह्यो तर घावंल ना?"

मला तिचीही भीती वाटायची.

दादांनी कुत्र्याला चार दिवसांत कवायत शिकवली. त्याला मराठी कळत नव्हतं, इंग्रजी आम्हाला येत नव्हतं. मग दादांनी त्याला फौजेची भाषा दिली. भाकरी कुस्करून पातेल्यात टाकायची आणि म्हणायचं, थम. कुत्रा जागच्या जागी दगड व्हायचा, लाळ खाली गळायची, पण हलायचा नाही. विश्राम म्हटलं की मग तोंड घालायचा. सेक्शनमधली पोरं बघायला यायची.

"दादा, आमच्यापेक्षा हाच चांगला उभा राहतो."

"तुमच्यापेक्षा कोणीपण चांगलं उभं राहतं," दादा म्हणायचे.

दादा पुढच्या फाटकावर असले की खायला घालायचं काम माझ्याकडं यायचं. मी पातेलं ठेवायची आणि पाठ न वळवता मागं यायची. थम हे मी हळूच म्हणायची, तरी तो ऐकायचा. एकदा मी परत निघाले तर मागून चालत आला आणि माझ्या कमरेला टेकला. मी डोळे मिटून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. घामानं माझा बेल्ट ओला झाला होता. त्याला फक्त टेकायचं होतं. तरी भीती गेली नाही. तो किती गरीब आहे हे कळल्यावर उलट वाढली, कारण आता त्याचं काही वाईट होईल हीदेखील भीती त्यात मिसळली.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकराला बंदोबस्ताचे साहेब जीपनं आले. दादांना म्हणाले, "सोमवारी कोर्टाचा हुकूम येतोय. अकरा वाजता सील लागेल. आत जिवंत काही ठेवायचं नाही. कुत्र्याची व्यवस्था करा. तुमच्याच्यानं झाली नाही तर आम्हाला करावी लागेल. एवढं मोठं जनावर मोकळं सोडता येणार नाही."

"जी साहेब."

"समजलं ना काय म्हणतोय?"

"समजलं साहेब. गोळी."

साहेब जीपमध्ये बसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

हातात चार दिवस होते. दादांनी त्याच दिवशी छावणीत ओळखीच्या सुभेदाराला विचारलं. कुत्रा शिकवायच्या वयाचा राहिला नाही, असं उत्तर आलं. मी पुंडलिकनगरला घरी गेले आणि सासूबाईंसमोर विषय काढला. आमच्या दोन खोल्या. हे गवंडीकामावर.

"केवढा आहे?" सासूबाईंनी विचारलं.

मी हातानं दाखवलं.

"अगं, मग तू नि मी झोपायचं कुठं? आणि तुला तर मांजर आलं तरी घाम फुटतो."

शुक्रवारी मी धीर करून दादांनाच विचारलं, तुमच्या वस्तीवर का नाही नेत. दादा बराच वेळ बेल्टच्या बक्कलवर बोट फिरवत राहिले.

"मेंढरांत ते टिकायचं नाही, कमलबाई. आमची कुत्री जन्मल्यापासून मेंढरांत वाढतात. हे कारखान्यातलं. एकदा एक कोकरू दातात धरलं तर गिरजा मला घरात घेणार नाही. आणि लांडगा आला तर हे भुंकणारसुद्धा नाही."

शेवटी चितेगावजवळच्या एका पाटलांनी हो म्हटलं. त्यांची मोसंबीची बाग होती. आधी तेही नाहीच म्हणत होते.

"भुंकत नाही म्हणता? मग काय त्याची पूजा करू?"

"पाटील, त्याला भुंकायची गरज काय," दादा म्हणाले. "कुंपणाजवळ नुसता उभा राहू द्या. चोर स्वतःच भुंकत पळंल."

पाटील हसले आणि ठरलं. शनिवारी दुपारी अडीचला त्यांचा टेम्पो मागच्या फाटकावर येणार. पुढच्या फाटकानं कुत्रा नेता येत नव्हता, तिथं सुगंधाबाई आणि दीडशे माणसं बसलेली. दादांनी कोणाला काही सांगितलं नाही. गुपचूप झालेलं बरं असं आम्हाला वाटलं. चूक तिथं सुरू झाली. धरणं धरलेल्या लोकांना एकच धाक होता, की मालक मागच्या दारानं मशिनी काढून नेईल आणि मग कारखाना कधीच उघडणार नाही. आम्ही त्याच मागच्या दाराला, कोणाला न सांगता, रिकामा टेम्पो बोलावला.

शनिवार. सव्वादोनला दादा आणि मी मागच्या अंगणात गेलो. बाकीचे सहा जण पुढच्या फाटकावर, वायरलेसवाल्या पोलीस जमादाराबरोबर. दादांनी साखळी सोडवली आणि टोक माझ्या हातात दिलं.

"मी कडी काढतो. तुम्ही फक्त धरा. तो ओढत नाही."

मी धरली. खरं सांगायचं तर बोटांच्या टोकांनी धरली. हाताला दोन वेढे द्यायला त्यांनी शिकवलं होतं. कुत्रा ओढील आणि मी त्याच्याबरोबर फरपटत जाईन या भीतीनं मी वेढे दिले नाहीत.

दोन पस्तीसला टेम्पो आला. दादांनी फाटक उघडलं. तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून ओरडा ऐकू आला.

"गाडी आली! माल काढायलेत! मागं, मागं!"

कोणीतरी टेम्पो वळताना पाहिला होता. पुढच्या फाटकावरची गर्दी उठली आणि भिंतीच्या डाव्या अंगानं धावत मागं आली. शेतातली ढेकळं तुडवत शंभर-दीडशे माणसं. टेम्पोवाल्यानं गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि तो निघून गेला. दादांनी शिट्टी वाजवली, तीन लांब. पुढून वायरलेसवर जमादाराचा आवाज चालल्याचं पोरांनी नंतर सांगितलं. कंट्रोल, चितेगाव पॉइंट. गर्दी मागच्या फाटकावर. फोर्स पाठवा. ओव्हर. आमचे सहा जण भिंतीच्या उजव्या अंगानं दौडत निघाले.

दादा फाटकाच्या बाहेर उभे राहिले, दोन्ही हात वर करून. "माल नाही! कुत्रा नेतोय! बाई, ऐका, फक्त कुत्रा!"

कुत्रा हा शब्द ऐकून गर्दी शांत होईल असं त्यांना वाटलं असावं. काचेच्या ढिगातल्या बाटल्या भिंतीबाहेरही पडलेल्या होत्या. पहिली बाटली पत्र्यावर फुटली. कुत्रा दचकला आणि साखळी माझ्या बोटांतून गेली.

तो कोणाच्या अंगावर गेला नाही. घाबरून सरळ पुढं पळाला, आणि पुढं माणसं होती. बायका किंचाळल्या. सुगंधाबाई सगळ्यात पुढं होती, मला तिचा वाकडा हात दिसला. आता हा तिच्यापर्यंत पोचला की हा तरी मरेल नाहीतर कोणीतरी, एवढंच मला कळलं.

मी ओरडले. "थम!"

आयुष्यात मी तेवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. तो माझा आवाज आहे हे मलाही पटलं नाही. कुत्रा जागच्या जागी थांबला, गर्दीपासून आठ-दहा हातांवर. पुढचा एक पाय उचललेला, तसाच.

आणि उजव्या कोपऱ्यावरून दौडत येणारे आमचे सहा जणही थांबले.

त्यांना कुत्रा दिसत नव्हता. त्यांच्या कानावर हुकूम पडला. पाय थांबले. एक-दोन म्हणत टाच जुळली. तीन सेकंद झाले असतील, फार तर चार. मग त्यांना कळलं आणि ते पुन्हा निघाले.

त्या चार सेकंदांत बाटल्या कुत्र्याकडं येऊ लागल्या आणि दादा त्याच्या आणि गर्दीच्या मध्ये जाऊन उभे राहिले. एकटे. सहा जण वेळेवर आले असते तर ओळ झाली असती. बाटली त्यांच्या कानाच्या वर लागली. ती कोणी फेकली ते मी पाहिलं नाही आणि नंतर विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. दादा गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले. रक्त दिसताच गर्दी मागं हटली. सुगंधाबाई तोंडावर पदर धरून म्हणत होती, "असं नव्हतं करायचं, असं नव्हतं करायचं."

कुत्रा अजून उभाच होता. विश्राम म्हणायला कोणी नव्हतं.

दादांना जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. ते रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेले. शुद्धीवर आले नाहीत. दुपारी वस्तीवर मातीला आम्ही सगळे गेलो. मी बायकांच्या मागं उभी होते, पुढं गेले नाही.

संध्याकाळी साहेबांनी सहा जणांना विचारलं, थांबलात का. ते म्हणाले, हुकूम झाला साहेब. कोणाचा? पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. इतक्या मोठ्या आवाजात हुकूम देणारा आमच्यात एकच माणूस होता. साहेबांनी लिहिलं, सेक्शन लीडरच्या चुकीच्या हुकमामुळं. मी तिथंच उभी होते. माझं नाव कोणाच्या मनातही आलं नाही. मी तोंड उघडलं नाही.

सोमवारी आठला पॉइंटवर हजर झाले. फाटकासमोरची माणसं गेली होती, नुसत्या सतरंज्या पडलेल्या. साडेनऊला साहेब आले. बरोबर बंदूकवाला शिपाई. कुत्रा परत शेडमध्ये बांधलेला होता, पंज्यात काच गेलेली. शनिवारपासून त्यानं पातेल्याला तोंड लावलं नव्हतं.

"त्याचं काही झालं का?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, "साहेब, त्याचं घर ठरलंय."

"कुठं?"

"हर्सूलला. लीडर साहेबांच्या घरी."

ते खोटं होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "मग घेऊन जा. संध्याकाळी पाचपर्यंत तिथं पोचला नाही असं मला कळलं, तर जिथं असेल तिथं त्याला..." पुढचं बोलले नाहीत.

बस घेणार नव्हती, ट्रक मिळाला नाही. मी पंज्यातली काच काढली. तेव्हा त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं आणि माझी दातखीळ बसली होती. फडकं बांधलं. साखळीचे दोन वेढे हाताला दिले. दहा वाजता पैठण रोडनं चालत निघालो.

ती वाट मी अजून स्वप्नात चालते. नक्षत्रवाडीला गावची कुत्री अंगावर आली, सात-आठ. मी मध्ये सापडले. मॅनेजर नुसता उभा राहिला, माझ्या मांडीला टेकून, आणि ती कुत्री लांबूनच ओरडून गेली. स्टेशनजवळ एका टांगेवाल्याचा घोडा उधळता उधळता राहिला. "अरे बाई, शेर कू कहाँ ले जारी?" तो ओरडला. शहरात लोक दुकानांच्या पायऱ्या चढून उभे राहत. पाणपोईवरच्या म्हातारीनं मला पाणी दिलं, पण त्याच्यासाठी पातेलं देईना. मी ओंजळीतून पाजलं. जीभ हाताला लागली. दिल्ली दरवाजा ओलांडला तेव्हा तो लंगडत होता, मीही लंगडत होते. आणि सगळ्या वाटेत मी एकच मोजत होते, की त्या घरी जाऊन काय सांगायचं. जिच्या नवऱ्याची राखही अजून सावडली नाही, तिच्या दारात मी हा कुत्रा घेऊन चालले होते. ती नाही म्हणाली तर पुढं रस्ता नव्हता. जेलच्या भिंतीजवळ आल्यावर मी दोनदा थांबले. दोनदा परत फिरावं वाटलं.

साडेचारला पोचले. अंगणात सात-आठ बायका बसलेल्या. कुत्रा पाहून एक-दोघी उठून आत पळाल्या. गिरजाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. कपाळ पुसलेलं. लहानखुऱ्या, काळ्यासावळ्या, पायात काही नाही.

"ह्योच का त्यो?" त्यांनी विचारलं.

"व्हय वैनी."

कोणीतरी म्हणालं, "हाकला त्याला. आन् हिला बी. लाज नाय वाटली आणायला?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. आवाज फुटत नव्हता, म्हणून दोनदा सांगावं लागलं. थम मी म्हणाले. कुत्र्याला म्हणाले. दादा म्हणाले नाहीत. साहेबांच्या कागदात चूक लिहिलंय. साखळीही माझ्याच हातातून सुटली.

गिरजाबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"मंग दोन दिस तोंड शिवून काऊन बसलीस?"

"भ्याले."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच."

त्यांनी नाक पदराला पुसलं. "पोरं आली व्हती काल. म्हनली, दादांनी थांबायचा हुकूम दिला. तवाच म्या म्हनलं, लोकायला थांबा म्हनायचं आन् आपुन पुढं जायाचं, ही कुठली रीत? त्यांचा हुकूम असता तर ते बी थांबले असते." मग जरा वेळानं, "आन् बाईच्या आवाजावर थांबायची त्यांची आदतच नव्हती. तीस वर्षं म्या बोंबलले."

एक म्हातारी रडता रडता हसली आणि पुन्हा रडायला लागली.

"कागद नीट करून घेशील?" गिरजाबाईंनी विचारलं.

"उद्याच."

"आन् हे किती दूर व्हतं, तू थांब म्हनलीस तवा?"

"वीस-पंचवीस हातांवर असंल. पळत व्हता."

"पळता पळता थांबला?"

"व्हय. पाय उचललेला, तसाच."

त्या उठल्या. बायका नको नको म्हणत असताना अंगण उतरून आल्या. कुत्र्याच्या मानेखाली हात घातला, कान बघितला, ओठ वर करून दात बघितले. "भुंकणारी आमच्यापाशी तीन हायेत," त्या म्हणाल्या. "मेंढरात पळता पळता थांबणारं एक बी नाय."

"दादा म्हणायचे, मेंढरांत टिकणार नाही."

"ते खेचरावाले. मेंढरांचं त्यांना काय ठावं? जल्म फौजेत घातला."

त्यांनी एका कोकराच्या अंगावर फडकं फिरवलं आणि तेच फडकं मॅनेजरच्या तोंडावर, पाठीवर, छातीवर चोळलं, म्हणजे मेंढरांना तो परका वाटू नये. मग त्याला मेंढरं कोंडायच्या जाळीच्या आत नेलं. चाळीस मेंढरं एका कोपऱ्यात चेपून उभी राहिली. काठी घेऊन एक माणूस बाजूला उभा होता, कोकराला दात लागला तर मारायला. कुत्रा मध्यात गेला, चारी बाजूंनी पाहिलं, आणि शेणालेंड्यांत आडवा झाला. झोपलाच तो. बावीस-तेवीस किलोमीटर चालला होता.

अर्ध्या तासानं एक मेंढी पुढं येऊन त्याला हुंगून गेली. काठीवाल्यानं काठी खाली ठेवली.

"नाव काय ह्याचं?" गिरजाबाईंनी विचारलं. मी सांगितलं. "असलं नाव माझ्या मेंढरात चालायचं नाय," त्या म्हणाल्या आणि त्याला भल्या म्हणायला लागल्या.

मंगळवारी मी स्वतःच्या हातानं जबाब लिहून साहेबांना दिला. पाऊण पान झालं. त्यांनी वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि जुन्या कागदाला टाचणीनं लावला. मला पंधरा दिवस ड्यूटी दिली नाही. त्यापलीकडं काही झालं नाही. सहा जणांपैकी दोघं माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. त्यांची चूक म्हणता येत नाही.

भल्या त्या वस्तीवर सहा वर्षं जगला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. माझी कुत्र्यांची भीती पूर्ण कधीच गेली नाही, आजही नाही. फक्त त्या एकाच्या बाबतीत मी डोळे उघडे ठेवून उभी राहायला शिकले.

दादांच्या वर्षश्राद्धाला गेले होते. जेवणं झाल्यावर गिरजाबाई आणि मी भांडी घासत बसलो होतो. मी म्हणाले, दादांना कधी कशाची भीती वाटलेली मी पाहिली नाही. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघून उभे राहायचो.

गिरजाबाईंचा हात थांबला. "तुला म्हनून सांगते," त्या म्हणाल्या. "फौजेतून आल्यापासून त्यांना गर्दीचं लई भ्या. बाजारात बी जायाचे नाय. मीठ-मिरची म्याच आणायचे. बंदोबस्ताला जायाचं असलं की चारला उठून बसायचे. पट्टा चकचकीत करायचे, पुन्यांदा करायचे. म्या म्हनायचे, नाव काढून घ्या की, पेन्शन हाय. तर म्हनायचे, आता कसं काढू? पोरं हायेत सेक्शनमधी. तीन बाया हायेत."

त्यांनी तांब्या विसळला आणि पालथा ठेवला. मी राखेचा हात तसाच धरून बसले.

सेक्शन लीडर भानुदास गोरे. वय एक्कावन्न. माजी नाईक. राहणार हर्सूल. चितेगावला मागच्या फाटकावर, शनिवारी दोन वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास, समोर दीडशे माणसं असताना पुढं गेले.